लाल टोपीवाले आणि आपल्याच जवानाचा तपास

आपला प्रश्न असा आहे, की लढाई चालू असताना जवानानेच चोरी किंवा खून केला, तर मिलिटरी पोलीस आपल्याच माणसाला पाठीशी घालतात काय. पुलगावजवळच्या आमच्या खेड्यातही पारावर मला हेच विचारले जाते. त्या पोलिसांत नोकरी करून मी निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लाल टोपीवाल्याच्या, म्हणजे मिलिटरी पोलिसाच्या, हाती शिक्षा नसते. १९५० च्या सेना कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे तो गुन्हेगार जवानाला पकडून खटल्यासाठी ताब्यात ठेवू शकतो, परंतु स्वतःच्या अधिकारात कोणतीही शिक्षा देऊ शकत नाही. आणि अधिकाऱ्याला पकडायचे असेल, तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. तपासाचे कागद जवानाच्या तुकडीच्या प्रमुखाकडे, म्हणजे कमांडिंग ऑफिसरकडे, जातात. प्रकरण दबलेच, तर ते बहुधा तिथून पुढे दबते, असे माझे मत आहे.

लढाईत खरी अडचण पुराव्याची असते, कारण पलटण रातोरात हलते, साक्षीदार जखमी होऊन इस्पितळात जातो आणि चोरीची जागाच मागे राहते. मात्र युद्धकाळात आमचे मोठे काम रस्त्यावरच्या वाहतुकीचे असल्यामुळे चौकीवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ रजिस्टरात चढत असे. एका तुकडीत डिझेल कमी भरू लागले, तेव्हा आम्ही त्यांच्या गाड्यांच्या डायऱ्या मागवल्या. गोळीबारामुळे रस्ता दिवसभर बंद होता, त्याच तारखेला एका ट्रकच्या डायरीत एकशे चाळीस किलोमीटर लिहिलेले होते, आणि आमच्या रजिस्टरात मात्र त्या दिवशीचे पान कोरे होते. जिनिंगच्या काट्यावरची पावती आणि घरची वही जुळवतो ना, तसेच हे काम. चालकाने दुपारपर्यंत कबुली दिली. पण डिझेल विकत घेणारा कोण, ते शेवटपर्यंत कळले नाही.

गुन्ह्याचे वजनही लढाईत बदलते. पळून जाण्याला एरवी जास्तीत जास्त सात वर्षांचा कारावास आहे, प्रत्यक्ष सेवेत, म्हणजे लढाईच्या मोहिमेवर, असताना मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. जवानाने सामान्य नागरिकाचा खून केला, तर देशातल्या शांततेच्या ठिकाणी कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालय, तो खटला चालवू शकत नाही, तो नेहमीच्या न्यायालयातच जातो. प्रत्यक्ष सेवेत मात्र लष्कर तो आपल्याकडे घेऊ शकते. म्हणून अशा घटनेत मृताच्या घरच्यांनी लष्कराच्या चौकशीवर विसंबून न राहता जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत हाती ठेवावी.