गाठ साधी, मग जबडा का कापायचा?

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची. खालच्या जबड्यात ‘अमेलोब्लास्टोमा’ निघाला. कॅन्सर नाही म्हणतात, तरी हाडाचा तुकडा काढायचा म्हणतात!

उत्तर : ताई, दोन्ही खरं आहे. दात घडवणाऱ्या पेशींची ही गाठ सहसा इतर अवयवांत जात नाही, पण शेजारच्या हाडात चोरपावलांनी शिरते. नुसती खरवडली तर बरेचदा परतते, कधी दहा वर्षांनीही. म्हणून भोवतीचं एक-दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात.

मात्र या वयात या गाठीचा एकाच पोकळीचा, ‘युनिसिस्टिक’ प्रकार बराच आढळतो. पेशी पोकळीच्या आतच वाढल्या असतील तर जबडा अखंड ठेवून भागू शकतं. भिंतीत घुसल्या असतील, म्हणजे रिपोर्टमध्ये ‘म्युरल’ लिहिलं असेल, तर मोठ्या ऑपरेशनचा विचार करावा लागतो. बायोप्सीचा तुकडा लहान असतो, पूर्ण निदान कधी कधी गाठ काढल्यावरच होतं. काही वेळा आधी गाठीला खिडकी पाडतात, गाठ काही महिन्यांत आक्रसते, मग काढतात. तोवर दर जेवणानंतर सिरिंजने पोकळी धुवायची. भाताची शितं हमखास अडकतात! कंटाळवाणं आहे, पण वाढत्या वयात हाड वाचत असेल तर मी आधी हाच मार्ग तपासतो.

प्रश्न : जबड्याला पायाचं हाड लावणार आहेत. मुलगा लंगडेल का?

उत्तर : सहसा नाही. भार नडगीचं हाड वाहतं. आपण घेतो ते बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला. घोट्याजवळचा भाग जागेवर ठेवतो. हाडाच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. पुढे त्यातच दातांचे इम्प्लांट बसवता येतात. खरी अडचण वेगळीच. जबड्यातली नस काढावी लागली तर खालचा ओठ बधिर राहतो, चहा हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही. हे आधीच विचारून घ्या.

प्रश्न : जे. जे. रुग्णालयात एका मुलाच्या जबड्यातून २३२ दात काढले होते. तीही हीच गाठ?

उत्तर : नाही. २०१४ मधली ती केस ओडोन्टोमाची, म्हणजे दातांसारख्या तुकड्यांनी भरलेल्या वेगळ्या साध्या गाठीची. ओडोन्टोमा नीट काढला की क्वचितच परततो.

प्रश्न : अमेलोब्लास्टोमाच्या ऑपरेशनला पाच वर्षं झाली. तपासणी थांबवू?

उत्तर : नको. दहा वर्षं तरी दरवर्षी दाखवा, ओपीजी (पूर्ण जबडा एकाच फिल्मवर दाखवणारा) एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हा काढा. आणि जुनी फिल्म रद्दीत टाकू नका, आम्ही नवी तिच्याशेजारी लावूनच बघतो.