ज्यू मैत्रिणीची आई आजारी आहे. प्रार्थनेसाठी मी काय करू?

तुमचा प्रश्न असा की ऑफिसमधल्या ज्यू मैत्रिणीची आई रुग्णालयात आहे. मैत्रिणीने प्रार्थनेसाठी म्हणून ग्रुपवर आईचं नाव टाकलं, पण त्याला जोडलंय आजीचं नाव, आजोबांचं नाही. हे असं का, आणि तुम्ही हिंदू असताना काय केलेलं चालेल?

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू आहे, राहायला ठाण्यात, त्यामुळे आमच्या घरातलं सांगतो.

आधी नावाचं. एरवी आमची ओळख वडिलांच्या नावाने असते, पण आजारपणातल्या प्रार्थनेत आईचं नाव घेतात: ‘साराह बत रिबका’, म्हणजे रिबकाची मुलगी साराह. आमच्या धर्मग्रंथातल्या स्तोत्रांमध्ये दावीद राजा देवाला ‘मी तुझ्या दासीचा मुलगा’ असं म्हणतो, त्याचा दाखला देतात. आमची आजी मात्र म्हणायची की मूल आजारी पडलं की आधी आईच रडते, म्हणून देवालाही तिचंच नाव सांगायचं. मला आजीचं कारण जास्त पटतं.

शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचला जातो, तेव्हा ही नावं घेतात. शनिवार हा शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी लिहायचं नसतं, त्यामुळे चिठ्ठी वगैरे नाही. लोक पुढे जाऊन हाझानच्या, म्हणजे प्रार्थना म्हणवून घेणाऱ्याच्या, कानात नाव सांगतात. कधीकधी नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या आईचं नाव कुणालाच आठवत नाही, मग मागच्या बाकांवर कुजबूज सुरू होते. प्रार्थना साधी असते: ज्याने आमचे पूर्वज अब्राहाम, इसहाक, याकोब यांना आशीर्वाद दिला, त्याने या आजाऱ्याला जिवाने आणि शरीराने बरं करावं. शब्बाथला रडून-ओरडून मागणं नसतं, म्हणून शेवटी म्हणतात, ‘आज शब्बाथ आहे, आक्रोश नको, बरं होणं जवळ आलंय.’ लांबलचक काही लागतच नाही. बहीण मिर्यामला कोड फुटलं तेव्हा मोशे संदेष्ट्याने जी प्रार्थना केली ती हिब्रूत अवघी पाच शब्दांची आहे: ‘देवा, कृपा कर, तिला बरी कर.’

पण नुसतं नाव घेऊन भागत नाही, आजाऱ्याला भेटायला जाणं हे आमच्यात कर्तव्यच मानलंय. तालमुदमध्ये, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय की भेटायला येणारा दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो. मग साठ जणांना एकदम आत सोडा की, अशी शंका तिथेच कुणीतरी काढलीय. उत्तर असं की प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा हिस्सा नेतो, म्हणजे हिशेब कधी शून्यावर येत नाही! रब्बी (धर्मगुरू) अकिवाची गोष्टही तिथलीच. त्याचा एक शिष्य आजारी होता आणि कुणी फिरकत नव्हतं. अकिवा गेला, जमीन झाडून घेतली, पाणी शिंपडलं आणि शिष्याच्या जिवात जीव आला. माझे वडील आजारी होते तेव्हा एक गृहस्थ यायचे. आल्या आल्या तांब्या भरून ठेवायचे, मोबाइल चार्जिंगला लावायचे, चादर सारखी करायचे, मग दोन ओळी म्हणायचे आणि निघायचे. बाकीचे तासभर बसून आपल्याच ऑपरेशनच्या कहाण्या सांगायचे.

भेटीची वेळसुद्धा सांगून ठेवलीय: दिवसाचे पहिले तीन तास आणि शेवटचे तीन तास टाळा. सकाळी आजारी माणूस जरा बरा दिसतो, मग प्रार्थना राहून जाते. संध्याकाळी इतका खचलेला दिसतो की आपणच आशा सोडतो. घरचे आणि जवळचे लगेच जातात, लांबच्यांनी तीन दिवस थांबायचं.

प्रार्थना आहे म्हणून औषध नको, असला प्रकार आमच्यात नाही. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायलाच हवा.

आणि डॉक्टरांनी हात टेकले तर? तुम्ही हे विचारलेलं नाही, पण तुमची मैत्रीण कदाचित मनात विचारत असेल. तालमुदमध्येच गोष्ट आहे: रब्बी यहुदा हनासी हा मोठा धर्मगुरू मरणाला टेकला होता आणि त्याचे शिष्य अखंड प्रार्थना करत होते. त्याच्या दासीने आधी तो जगावा म्हणूनच मागणं केलं होतं, पण त्याचे हाल बघवेनात तेव्हा तिने गच्चीवरून एक घडा खाली टाकला. आवाजाने शिष्य क्षणभर थांबले आणि तेवढ्यात त्याचा प्राण गेला. तालमुद तिला दोष देत नाही. चौदाव्या शतकातल्या रब्बेनू निस्सिमने याच गोष्टीवरून लिहिलं की कधीकधी सुटकेसाठीही प्रार्थना करावी. घरात कुणी ‘आता सोडव रे देवा’ म्हणालं तर त्याला गप्प करू नका.

आता तुमचं. तुमच्या देवाला तुमच्या भाषेत हवं ते मागा, मैत्रिणीला बरंच वाटेल. फक्त देवळातला प्रसाद किंवा अंगारा खाटेजवळ नेऊ नका. इतर देवाला दाखवलेला नैवेद्य आमच्यात खात नाहीत आणि ती संकोचाने नाही म्हणू शकणार नाही. भेटल्यावर ‘रेफुआ शलेमा’ म्हणा, म्हणजे पूर्ण बरं वाटो. काकू बऱ्या झाल्या तर बहुतेक मलिदा होईल. आमच्यात एलियाहू हनबी या संदेष्ट्याला नवस बोलतात आणि तो फेडायला गोड पोह्यांचं ताट करतात. ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आणि वर फळं. बोलावणं आलं तर नक्की जा.

तोवर न्यायचं तर फळंच न्या, कापलेली नकोत, अख्खी. आणि मैत्रीण शब्बाथ पाळणारी असेल तर शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत फोन करू नका.