तर्तुलियनच्या एका वाक्यावर थांबू नका

आरंभीच्या ख्रिस्ती धर्मपंडितांचा स्त्रियांविषयीचा दृष्टिकोन अभ्यासायला घेतलात की तर्तुलियनचे, स्त्रीला ‘सैतानाचे दार’ म्हणणारे वाक्य तुमच्यासमोर सर्वांत आधी येईल. मात्र तेवढ्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, असे मी सुचवेन. ते वाक्य ज्यात येते, तो इ. स. 200च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात लिहिलेला ग्रंथ स्त्रियांच्या वेशभूषेविषयीचा उपदेश आहे, आणि याच लेखकाने पत्नीला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात एकत्र प्रार्थना व उपवास करणाऱ्या ख्रिस्ती दांपत्याचे अतिशय हृद्य वर्णन केले आहे.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या शतकांतील धर्मपंडित जेरोमची पत्रे सावकाश वाचावीत. विवाहाला कमी लेखणारा आणि कौमार्याचा टोकाचा पुरस्कार करणारा हा विद्वान पाउला, युस्टोकियम व मार्सेला या रोमन स्त्रियांशी मात्र धर्मग्रंथांतील अवघड स्थळांची चर्चा करतो. मार्सेलाच्या मृत्यूनंतर तो लिहितो की, आपण रोम सोडल्यावर धर्मगुरूसुद्धा तिच्याकडे शंका घेऊन येत, पण स्त्रीने शिकवू नये या प्रेषित पौलाच्या नावे असलेल्या बायबलमधील वचनामुळे ती स्वतःचे उत्तरही जेरोमचे किंवा दुसऱ्या कुणाचे म्हणून सांगत असे. जेरोम हे कौतुकाने नोंदवतो, आणि मला तर इथेच सगळा प्रश्न एकवटलेला दिसतो.

चौथ्या शतकातील बिशप, निसाच्या ग्रेगरीने आपली बहीण माक्रिना हिला स्पष्टपणे ‘गुरू’ म्हटले आहे, तेही अवश्य पाहावे. तरीही या बहुतेक स्त्रिया आपल्यापर्यंत पुरुषांच्या लेखणीतूनच पोहोचतात, हे वाचताना विसरू नये.