कॉम्प्युटर बेडरूममध्येच हवा?

दहावीचा निकाल लागून अकरावीचे नाहीतर डिप्लोमाचे प्रवेश झाले, की जुलै-ऑगस्टपासून माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एक प्रश्न नेमाने येऊ लागतो. मुलासाठी किंवा मुलीसाठी कॉम्प्युटर घेतलेला असतो आणि तो ठेवायचा कुठे यावरून घरात दोन तट पडलेले असतात. मूल म्हणतं, माझ्या खोलीत. आईबाबा म्हणतात, आमच्या डोळ्यांसमोर. ‘मॅडम, तुम्हीच सांगा, ठेवू द्यावा का बेडरूममध्ये?’ विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. माझं मत आहे आणि ते मी पुढे सांगणार आहे. पण नुसत्या मताने हे भांडण मिटल्याचं मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. म्हणून आधी एका घराबद्दल सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत आणि त्या घरातल्या सगळ्यांना विचारूनच लिहिते आहे.

नाशिकच्या सिडकोतलं वन बीएचके घर. वडील अंबडच्या एमआयडीसीत, पाळीची नोकरी. आई घरीच ब्लाउज शिवते, हॉलमध्येच मशीन. मुलगा सोळा वर्षांचा, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत. धाकटी बहीण असल्यामुळे घरात सगळे त्याला दादाच म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. दहावीपासून बेडरूम दादाच्या अभ्यासासाठी सोडलेली, बाकीचे तिघे रात्री हॉलमध्ये अंथरूण घालतात. वडिलांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून जुना पण चांगला डेस्कटॉप आणला आणि पहिल्याच रविवारी भांडण पेटलं. माझ्याकडे येईपर्यंत मायलेकांचं बोलणं ‘जेवायला ये’ आणि ‘येतो’ एवढ्यावर आलेलं होतं.

पहिल्या भेटीत आई म्हणाल्या, ‘कॉम्प्युटर हॉलमध्येच राहील. माझ्या डोळ्यांसमोरच राहील.’

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, ‘मला कॉम्प्युटर खोलीतच हवा. नाहीतर विकून टाका.’

मी दोघांची वाक्यं जशीच्या तशी कागदावर लिहिली आणि प्रत्येक ‘च’भोवती पेनने गोल केला. दोन माणसांच्या चार वाक्यांत तीन गोल. मग कागद त्यांच्याकडे सरकवून म्हटलं, हीच वाक्यं ‘च’ काढून वाचा.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडायला सुरुवात केली. माणसाला इच्छा असण्याने त्रास होत नाही, इच्छेचा हुकूम झाला की होतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. मराठीत हे शिकवायला मला कधीच फार शब्द लागले नाहीत, कारण आपल्या भाषेने तो हुकूम एका अक्षरात मावेल असा करून ठेवला आहे. ‘मुलाने मला सगळं सांगावं’ ही प्रत्येक आईची इच्छा असते. ‘सांगितलंच पाहिजे’ म्हटलं, की न सांगितलेली प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरते. आणि ‘च’ असलेल्या वाक्याला ‘का?’ असा प्रश्न नीट विचारताच येत नाही. विचारला तर तो आव्हानासारखा ऐकू येतो. ‘च’ गळला की ‘का’ला जागा होते. ही गोष्ट मला पुस्तकातून नाही, माझ्यासमोर बसलेल्या घरांतून कळली, आणि ती मला माझी स्वतःची वाटते.

दादाने वाचलं, ‘मला कॉम्प्युटर खोलीत हवा.’ मी विचारलं, ‘का?’

त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. मग म्हणाला, ‘हॉलमध्ये माझी पाठ सगळ्यांकडे असते.’

टेबल भिंतीला लावलेलं होतं, स्क्रीन हॉलकडे. ब्लाउजचं माप द्यायला बायका आल्या की त्याला उठून स्वयंपाकघरात जावं लागे. नुसतं कापड द्यायला कुणी आलं तरी मागे थांबून म्हणे, ‘काय रे, गेम का?’ समोर सी भाषेतला प्रोग्रॅम आणि त्यातली न सापडणारी चूक असे. ‘मी वाईट काही बघत नाही मॅडम. पण मागे कुणी आलं की माझ्या हातून आपोआप विंडो बंद होते.’

‘तेच!’ आई खुर्चीत पुढे सरकल्या. ‘तेच तर म्हणते मी! मी जवळ गेले की हा काहीतरी लपवतो.’

आई बघते म्हणून मुलगा विंडो बंद करतो, मुलगा विंडो बंद करतो म्हणून आई आणखी बघते. दोघंही खरं सांगत होते. अशा वेळी समुपदेशकाने एकाची बाजू उचलून धरली तर दुसरा पुढच्या भेटीला येत नाही. मी कॉम्प्युटर सोडून दिला आणि आईंना विचारलं, ‘ताई, तुमचं मशीन कुठे असतं?’

‘खिडकीशी. उजेड लागतो ना.’

‘गिऱ्हाईक कुठे बसतं?’

‘समोर, दिवाणावर. मागे नाही उभं राहू देत मी कुणाला. मागून कुणी बघत असलं की माझी शिलाई वाकडी जाते.’

बोलून गेल्या आणि थांबल्या. मी काही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाला बोलायचा फार मोह होतो आणि तो आवरणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड शिक्षण आहे. दादाने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून आईकडे पाहिलं. आईंनी पदराने ओठांवरचा घाम टिपला आणि माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुझीपण वाकडी जाते का रे?’

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते मी घडवलेलं नाही. दादा हसला, मग त्याचे डोळे भरले, मग त्या प्रोग्रॅममध्ये नक्की काय चुकत होतं ते तो आईला पाच मिनिटं समजावत राहिला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या मान डोलावत ऐकत होत्या.

पण भीती अजून जागची हलली नव्हती. पुढच्या भेटीत मी आईंना विचारलं, कॉम्प्युटर बेडरूममध्ये गेला तर काय होईल?

‘कडी लावेल.’

‘मग?’

‘मग मला कळणार नाही.’

‘काय कळणार नाही?’

नात्यातल्या एका मुलाला व्हिडिओ कॉलवर फसवून त्याचं रेकॉर्डिंग केलं होतं आणि धमक्या देऊन पैसे उकळले होते. कित्येक दिवस घरात कुणाला पत्ता नव्हता. मुलगा जेवत होता, कॉलेजला जात होता. ‘त्याच्या आईला चेहऱ्यावरूनसुद्धा कळलं नाही मॅडम, कारण तो सारखा खोलीत.’

मी दादाकडे वळले. ‘असं तुझ्याबाबतीत झालं, तर आईला सांगशील?’

‘नाही.’

‘का?’

‘सांगितलं तर पहिल्यांदा कॉम्प्युटर जाईल.’

जवळजवळ प्रत्येक मूल मला हेच सांगतं. आईबाबांना वाटतं, मूल लाजेपोटी गप्प राहतं. लाज असतेच. पण त्याहून साधं कारण हे, की सांगण्याची किंमत त्याला आधीच माहीत असते. कॉम्प्युटर तुमच्या डोळ्यांसमोर आहे की दाराआड, याहून ही किंमत काय ठरवली आहे त्यावर मुलाची सुरक्षितता अधिक अवलंबून असते. आईंनी त्या दिवशी दादाला शब्द दिला, की अडचण सांगितली म्हणून कॉम्प्युटर काढून घेणार नाही, ओरडायचं झालं तरी दुसऱ्या दिवशी ओरडेन. हे शेवटचं त्यांनीच जोडलं. मला ते फार आवडलं, आता इतर घरांनाही सांगते. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. हे दोन्ही नंबर मुलाला पाठ असू द्या. आणि धमकी देणाऱ्याला पैसे पाठवायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, हेही शांत वेळी, काही घडलेलं नसताना सांगून ठेवा.

आता माझं मत. शक्य असेल तिथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत नसावा. यामागे अविश्वास नाही, झोप आहे. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. त्यातून पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे ‘मला अकरापर्यंत झोपच येत नाही’ हे मुलांचं म्हणणं बहाणा नसतो. अशा मुलाच्या उशाशी उजळलेला स्क्रीन असेल तर अकराचा दीड होतो, आणि सकाळचं कॉलेज तर हलत नाही. दादाचा दीडच होत होता. पण तो कॉम्प्युटरमुळे नव्हे, उशीखालच्या मोबाइलमुळे! हॉलमधल्या एवढ्या मोठ्या डब्यावर महिनाभर भांडण चाललं होतं आणि सहा इंची स्क्रीन रोज बिनबोभाट बेडरूममध्ये जात होता.

हे निघालं तेव्हा वडील पहिल्यांदाच भेटीला आले होते, फर्स्ट शिफ्ट करून थेट. त्यांनी खिशातला स्वतःचा मोबाइल काढून टेबलावर ठेवला. ‘माझापण,’ म्हणाले, ‘मीपण बारापर्यंत रील बघतो.’ घरातले सगळे मोबाइल रात्री साडेदहाला हॉलमधल्या एकाच बोर्डवर चार्जिंगला लागतील, हा नियम त्यांनी सुचवला. मोठ्यांनी स्वतःला वगळलेले नियम मुलं पाळत नाहीत, निदान मी तरी पाहिलेलं नाही.

टेबलाचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. टेपने हॉल मोजून टेबल बेडरूमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात आणलं आणि फिरवलं. आता दादाची पाठ भिंतीला, तोंड हॉलकडे. माप द्यायला कुणी आलं तर आई आधी सांगणार, दादा उठणार. आणि आईंना आता स्क्रीन दिसत नाही. हे सोडून देणं त्यांना जड गेलं, आठवडाभर रोज फोन करत होत्या. मग एका फोनवर म्हणाल्या, ‘मॅडम, स्क्रीन नाही दिसत, पण शिवताना मान वर केली की त्याचा चेहरा दिसतो.’

मी तो फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून होते. त्या नात्यातल्या मुलाच्या आईला जे दिसलं नव्हतं ते यांना रोज दिसणार होतं, तेही लेकाच्या पाठीमागे उभं न राहता.

ज्या घरात अभ्यासाला शांत जागा म्हणजे बेडरूमच आहे, तिथे कॉम्प्युटर तिथेच ठेवावा लागेल आणि त्यात काही बिघडत नाही. दाराला पडदा, कडी फक्त कपडे बदलताना, आणि रात्री ठरल्या वेळी बंद. मुलाच्या नकळत त्याच्या कॉम्प्युटरमध्ये लक्ष ठेवणारं ॲप मात्र टाकू नका. मुलाला ते सापडतं, आणि सापडलं की पुढची कित्येक वर्षं मूल घरात काही सांगत नाही. लक्ष ठेवायचं असेल तर सांगून ठेवा.

दादाच्या घरी ठरलं ते सगळं एका कागदावर लिहिलेलं आहे, चौघांच्या सह्यांसह. धाकटीनेही हट्टाने सही केली. दादाला खोलीत कॉम्प्युटर हवा आहे ही इच्छा अजून आहे आणि त्याने ती खोडू दिली नाही. खाली त्याच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर पुन्हा बोलायचं.’ कागद आईंच्या मशीनच्या खणात असतो, बॉबिनच्या डबीखाली.