घरगुती कारणास्तव

सांगली,
फेब्रुवारी अखेर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात हळकुंडं वाळत घालत होते, त्यामुळं धड बोलणं झालं नाही. आठ मार्चला ऑफिसात तुला दहा मिनिटं बोलायचंय, ‘साठच्या दशकातली स्त्री-चळवळ आणि आपण’ असा विषय गळ्यात पडलाय, आणि मावशीनं चार मुद्दे द्यावेत. मुद्दे मला जमत नाहीत गं. एकतीस वर्षं कारकुनी केली, मला फक्त टिपणी लिहिता येते आणि टिपणी लांबते. चहा घेऊन बस.

आधी एक सांगते. ते अंतर्वस्त्रं जाळल्याचं सांगून सुरुवात करू नकोस. लोक हसतील आणि तुझी दहा मिनिटं त्यातच जातील. शिवाय ते खोटं आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये अटलांटिक सिटीत सौंदर्यस्पर्धेच्या बाहेर बायकांनी निदर्शनं केली, एक पिंप ठेवलं आणि त्यात टाचेच्या चपला, कंबर आवळायचे पट्टे, फरशी पुसायचं फडकं असलं काय काय टाकलं. पेटवलं काहीच नाही. पण साठ वर्षं होत आली तरी लोकांच्या लक्षात न पेटलेली आगच आहे, फरशीचं फडकं कुणाला आठवत नाही. मला विचारशील तर त्या पिंपातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती होती.

आता माझी गोष्ट. ही तुला मी कधी सांगितली नाही. तू चार वर्षं आमच्या माडीवर राहून इंजिनिअर झालीस, रोज रात्री जेवायला खाली यायचीस, पण सांगायचं धाडस झालं नाही.

१९८३ ला मी नोकरीला लागले. एका तालुक्याची कचेरी, पुरवठा शाखा. म्हणजे रेशनकार्डं. तेव्हा कार्डाला फार किंमत. कंट्रोलची साखर, रॉकेल तर होतंच, पण गावात आपण राहतो याचा पुरावाही तोच. एक बाई आली. कडेवर पोरगं, हातात रेशमी दोऱ्यानं बांधलेली कागदाची सुरळी. सहा वर्षांपासून माहेरी. भावाच्या कार्डावर भावजय नाव चढवू देईना, म्हणून स्वतःचं वेगळं कार्ड हवं होतं. मी नियम सांगितला : सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा. ती म्हणाली, “बाई, त्यो दारात उभं करीना, कार्ड कुठलं हातात देतोय?” मी म्हणाले, “ते तुमचं घरगुती. आम्हाला कागद लागतो.”

तीनदा आली. तिसऱ्यांदा मी अर्जावर ‘कागदपत्रे अपूर्ण, सबब निकाली’ असा शेरा मारला. अक्षर फार सुरेख होतं माझं तेव्हा.

तो ‘घरगुती’ शब्द मी इतक्या सहज वापरला, कारण मी स्वतः तोच शब्द वापरून जगत होते. माझ्या रजेच्या अर्जांवर कायम एकच ओळ : ‘घरगुती कारणास्तव’. सासूबाईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, धाकट्याला गोवर आला, पाहुणे आले, नणंदेचं बाळंतपण. आणि एकदा माझं स्वतःचं तीन महिन्यांचं पोटातलं गेलं, तेव्हाही हेच लिहिलं, चार दिवसांची किरकोळ रजा. निवृत्त होताना सेवापुस्तक हातात घेऊन एकदा सगळं वाचलं. ह्यांचीही सरकारी नोकरीच, त्यांच्या सेवापुस्तकात घरगुती कारण जवळपास नाहीच. घर मात्र दोघांचं एकच होतं.

म्हणून म्हणते, तुझ्या विषयाचा गाभा या एका रकान्यात आहे.

अमेरिकेतली १९७५ सालची एक बाई बघ. कार्मिटा वुड तिचं नाव. न्यूयॉर्क राज्यात इथाका गावी विद्यापीठात नोकरीला होती. वरिष्ठाच्या अंगचटीला येण्याला कंटाळून तिनं नोकरी सोडली. बेकारभत्त्यासाठी अर्ज केला, तर विचारलं, नोकरी का सोडली? काय सांगणार? त्या प्रकाराला तोवर नावच नव्हतं. तिनं ‘वैयक्तिक कारण’ सांगितलं आणि भत्ता नाकारला गेला. मग तिथल्या बायका एका खोलीत जमल्या. एकीनं सांगितलं, दुसरीनं सांगितलं, बघता बघता कळलं की जमलेल्या सगळ्यांनाच हे भोगावं लागलंय. त्याला नाव द्यायचं म्हणून बसल्या आणि ‘सेक्शुअल हॅरासमेंट’ हा शब्द तिथं चलनात आला. आपल्याकडं राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीनं, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीनं, बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ ला कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखायची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, २०१३ ला त्याचा कायदा. दहा माणसं असतील तिथं अंतर्गत समिती नेमायची सक्ती त्यानंच आली. एचआरमध्ये तू जी समितीची फाईल सांभाळतेस ना, तिची पहिली नोंद त्या खोलीत झाली म्हण हवं तर.

एका खोलीत बसून एकमेकींना आपापलं सांगायचं, ही रीत साठच्या दशकातली. आणि ती सुचली कशी, हे ऐकण्यासारखं आहे. काळ्यांच्या समान हक्कांसाठी अमेरिकेच्या दक्षिणेत मुलं-मुली जीव धोक्यात घालून काम करत होती. त्यातल्या मुलींच्या लक्षात आलं की इथंही इतिवृत्त आम्हीच लिहायचं, टंकलेखन आम्हीच करायचं, ठराव मात्र पुरुष मांडणार. केसी हेडन आणि मेरी किंग या दोघींनी १९६५ मध्ये याबद्दल एक टिपण लिहून इतर कार्यकर्त्या बायकांना पाठवलं. शीर्षक ठाऊक आहे? ‘सेक्स अँड कास्ट’. लिंग आणि जात! तुझ्या ऑफिसात कुणी म्हणालाच की हे सगळं तिकडचं फॅड आहे, तर त्याला एवढं सांग की तिकडच्या पोरींना आपली अवस्था सांगायला जातीचा शब्द घ्यावा लागला.

पुढं असे गट गावोगाव निघाले. त्यांना पुरुष तर हसायचेच, चळवळीतलेच लोक म्हणायचे, ही काय चळवळ? बायकांच्या गप्पा, मनाचा इलाज. त्यावर कॅरोल हॅनिश यांनी लिहिलेलं उत्तर १९७० मध्ये छापलं गेलं, त्याचं शीर्षक म्हणजेच ते ‘जे खासगी ते राजकीय’. हे वाक्य तू पोस्टरवर वाचलं असशील. पोस्टरवर ते भारी दिसतं, कचेरीच्या खिडकीत बसून वाचलं की घाम फुटतो.

मला तो फुटला १९८० च्या दशकाच्या शेवटी. आपल्या सांगली-साताऱ्यात तेव्हा स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीचं काम जोरात होतं. कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्यात पुढं. ही बाई पोरवयात घर सोडून नाना पाटलांच्या प्रतिसरकारात गेलेली, तिला मामलेदाराची भीती काय असणार! आणि त्यांची सून गेल ऑम्वेट. मिनियापोलिसची मुलगी, बर्कलेच्या विद्यापीठातली, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या धामधुमीतून आलेली. ती इथं आली ती आम्हाला स्त्रीमुक्ती शिकवायला नव्हे, जोतीराव फुल्यांचा आणि ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला. म्हणजे साठच्या दशकातली अमेरिका ज्याला शोधत आपल्याकडं आली, त्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण आणि त्याच्या बायकोचं माहेर खंडाळ्याजवळचं नायगाव. गेलताई मग कायमच्या इथल्याच झाल्या, २०२१ ला कासेगावातच गेल्या. नऊवारीतल्या बायकांच्या घोळक्यात त्या उंच गोऱ्या बाईला मी एकदाच पाहिलं, लांबून. मराठी बोलत होत्या, आणि कुणी वळून बघत नव्हतं.

तर मोर्चा. आमच्या कचेरीवर बायका आल्या. त्या दिवशी ‘परित्यक्ता’ हा शब्द मी पहिल्यांदा निवेदनात वाचला. तोवर आमच्याकडं काय म्हणायचे? टाकलेली. सोडलेली. किंवा ‘ती नांदत नाही’, म्हणजे दोष पुन्हा तिचाच. निवेदनात मागणी अगदी साधी : नवऱ्याकडच्या दाखल्याची अट काढा, परित्यक्तांना स्वतंत्र रेशनकार्ड द्या. आवक क्रमांक मीच टाकला. खिडकीतून बघितलं तर व्हरांडा, पायऱ्या, चिंचेखालची सावली, सगळीकडं बायका बसलेल्या. मी त्यांच्यात ती कडेवर पोर घेतलेली शोधली. दिसली नाही.

एवढ्या बायका ‘घरगुती’ कारणानं आल्या होत्या. एका तालुक्यात! माझ्या खिडकीत त्या एकेक करून आल्या होत्या म्हणून मला ती प्रत्येकीची वेगळी भानगड वाटली होती.

पुढच्या गोष्टी भराभर सांगते, कारण तुला त्या गूगलवर मिळतील. इंग्लंडमध्ये डॅगनमच्या मोटार कारखान्यात सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका १९६८ ला संपावर गेल्या, कारण त्यांचं शिवणकाम ‘कमी कुशल’ ठरवलं होतं. त्यातून तिथं १९७० ला समान वेतनाचा कायदा झाला. पण शिवणकामाला कुशल म्हणायला १९८४ उजाडलं, हे विसरू नकोस. आपल्याकडं समान वेतनाचा कायदा १९७६ ला आला, आणि आजही आपल्या शिवारात गड्याची हजेरी वेगळी आणि भांगलणीला जाणाऱ्या बाईची वेगळी. ऊस तोडायला मराठवाड्यातून जोडपी येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल त्याच्या हातात. अमेरिकेत १९७४ पर्यंत बँक बाईला नवऱ्याची सही मागू शकत होती. आणि साताऱ्याच्या दुष्काळी माणमध्ये म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तर सभासद निरक्षर म्हणून पहिला अर्ज परत आला. त्या बायका शिकायला बसल्या, मग रिझर्व्ह बँकेत जाऊन म्हणाल्या की व्याजाचं गणित घाला, तोंडी सोडवतो. १९९७ ला परवाना मिळाला. याच साताऱ्यात २०११ मध्ये ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढं बापाच्या आधी आईचं नाव लागतं. कागद बदलतो बाई. उशिरा बदलतो, पण बदलतो.

आणि माझं रेशनकार्ड! २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, त्यात अठरा वर्षांवरची घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख. मी निवृत्त व्हायच्या वर्षी ती अंमलबजावणी आमच्या टेबलावर होती. ज्या कार्डावर एका बाईचं नाव चढवायला मी नवऱ्याचा कागद मागितला, त्याच कार्डांवर मी स्वतःच्या हातानं बायकांची नावं सगळ्यात वर लिहिली. कार्ड अजून बऱ्याच घरांत बाप्याच्याच खिशात असतं, ते सोड.

आता तुझं काम. तुझ्या ऑफिसात त्या दिवशी गुलाबी फुगे असतील, साडी स्पर्धा असेल, केक कापतील. कापू देत. केक मलाही आवडतो. फक्त इतिवृत्ताप्रमाणं तो आणायची जबाबदारी कुणावर पडली, ते हळूच बघून ठेव.

भाषणात माझं नाव घेऊ नकोस, त्या बाईचं घ्यायचं म्हटलं तरी मला ठाऊक नाही. अर्जावर मी तीनदा वाचलं असणार, आठवत नाही.

तू नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या मुलाखती घेतेस, त्यांचे फॉर्म तुझ्याकडंच असतात. त्यात कारणाचा रकाना असेल आणि बहुतेक ‘पर्सनल रीझन’ असा पर्यायही असेल, टिक करायला सोपा. गेल्या दोन वर्षांचे फॉर्म काढ. त्या टिका बायकांच्या किती, पुरुषांच्या किती, वेगळ्या मोज. मग त्यातल्या ज्या दोघी-चौघी तुझ्याशी अजून बोलतात, त्यांना फोन कर. ऑफिसच्या फोनवरून नको, आणि लगेच प्रश्न विचारू नकोस. आधी तुझं तू सांग. गेल्या दिवाळीत तू मला जे सांगितलंस आणि ‘हे माझं पर्सनल आहे मावशी’ म्हणालीस, ते. सगळं नको, झेपेल तेवढं. त्या बोलल्या तर ऐक. नाही बोलल्या तरी ठीक, दुसऱ्यांदा फोन करतात. मोर्चाला आलेल्या बायकासुद्धा पहिल्याच बैठकीत बोलल्या नसतील.

त्यांची नावं कुणालाही, मलाही, सांगायची नाहीत. साहेबासमोर आकडा ठेवायचा, तोही आठ तारखेला नको. त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवायच्या मूडमध्ये असतात. नऊला ठेव, साधा कामाचा दिवस असेल तर.

हळद पंधरा दिवसांत दळून होईल, आईसाठी एक किलो वेगळी ठेवलीय. येशील तेव्हा ने. आणि मोजून झालं की रात्री नऊनंतर फोन कर, तोवर ह्यांचं जेवण उरकलेलं असतं. हल्ली भाकरी तेच करतात, जाड होतात पण करतात.

तुझी,
मावशी