भिगवण एका दिवसात: आधी पाण्याची पातळी विचारा

आई-वडील, आठ वर्षांची मुलगी आणि एकच दुर्बीण घेऊन पुण्याहून भिगवणला जाऊन यायचंय, तर डिसेंबर बरा की फेब्रुवारी, असं तुम्ही विचारलंय. रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे असतील तर फेब्रुवारी.

भिगवण उजनी धरणाच्या पाण्याकाठी आहे. पावसाळा संपतो तेव्हा हे धरण सहसा तुडुंब असतं. पुढे पाणी उतरू लागलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि रोहितांना हवं तसं उथळ पाणी तयार होतं. ते मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाण्यातलं बारीक खाद्य गाळून घेतात. खोल पाण्यात हे जमत नाही. म्हणून निघण्याआधी होड्या सुटतात त्या कुंभारगावच्या नावाड्याला फोन करा आणि ‘पाणी किती उतरलंय?’ एवढंच विचारा.

पुणे-सोलापूर रस्त्याने अंतर साधारण शंभर किलोमीटर. पहाटे साडेचारला निघालात तर उजाडताना होडीत बसाल. मुलीला लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडू देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उडत्या थव्याचे फोटो मिळावेत म्हणून होडी थेट थव्यात घालायला लावणारे लोक दर हंगामात दिसतात. मला याचा मनापासून राग येतो. रोहिताला उडण्याआधी पाण्यावरून धावत जावं लागतं, त्यात बरीच ताकद जाते आणि खाणं अर्धवट राहतं ते वेगळंच. होडीत बसतानाच नावाड्याला सांगा, ‘दादा, लांबच इंजिन बंद करा, आम्हाला घाई नाही.’ ते आनंदाने ऐकतात. पक्षी बिचकले नाहीत तर बऱ्याचदा चरत चरत स्वतःच जवळ येतात. मुलीला करडे-मळकट रोहित शोधायला सांगा, ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. कुरवांना (सीगल) शेव-फरसाण टाकू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस बहुधा काठाच्या गवतावर चरताना दिसतील. डोक्यामागे दोन काळे पट्टे, ओळख चुकणार नाही. चक्रवाक, चित्रबलाक, मोर शराटी, नदी सुरय हेही भेटतील.

दहानंतर ऊन चढतं, तेव्हा परत फिरा. गावातल्या घरी चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी मिळते. आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आई-वडिलांना दुपारी विश्रांती द्या. उन्हं कलल्यावर कडबनवाडीचं माळरान करा. तिथे चिंकारा हरीण, धाविक पक्षी आणि नशीब असेल तर भोवत्या हा शिकारी पक्षी दिसेल, पण गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. माळावरचे कितीतरी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात.