'हाम' म्हणजे रानटी का?

एका वाचकांचा पुतण्या नोकरीनिमित्त पोलंडमध्ये असतो. ट्रॅममध्ये लोकांना ढकलत चढलेल्या एका गृहस्थाला तिथल्या एक आजी 'हाम!' म्हणाल्या. शब्दकोशात 'असंस्कृत मनुष्य' असा अर्थ मिळाला. तर याला मराठीत 'रानटी' म्हणावं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते म्हणू नये. रानटी माणसाला पोलिशमध्ये 'जिकुस' असा वेगळा शब्द आहे, तो 'जंगली' या अर्थाच्या विशेषणावरून आलेला. 'हाम'चा जंगलाशी काही संबंध नाही. (उच्चारात ह जरा घशातून खरवडून येतो.)

हा शब्द बायबलमधला आहे. नोहाचे तीन मुलगे शेम, हाम आणि याफेथ. बाप द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला होता. हामने ते पाहिलं आणि झाकायचं सोडून बाहेर भावांना जाऊन सांगितलं. भावांनी पाठमोरं चालत जाऊन बापावर वस्त्र घातलं. नोहाने मग हामच्या मुलाला, कनानला, शाप दिला की तू भावांच्या दासांचा दास होशील. पोलंडच्या सरदारवर्गाला ही कथा फार सोयीची ठरली: आम्ही याफेथचे वंशज आणि शेतात राबणारे हामचे! शेतकऱ्याला आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या जमिनीवर फुकट काम करावं लागे. आपण ज्याला वेठ म्हणतो तेच. १७व्या शतकात वालेरियान नेकांदा त्रेप्का या सरदाराने तर खोटं सरदारपण मिरवणाऱ्या सामान्य घराण्यांची भली मोठी यादीच केली. ती 'लिबेर खामोरुम', म्हणजे 'हामांचं पुस्तक', या लॅटिन नावाने ओळखली जाते. मला हे वाचताना चीड येते. कष्टकऱ्याच्या जन्मालाच शिवी करून टाकली होती.

वेठ गेली, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागात १८४८मध्ये, रशियाच्या ताब्यातल्या भागात १८६४मध्ये. शब्द मात्र उरला आणि त्याचा रोख जन्मावरून वागण्यावर आला. आज उच्चशिक्षित, कोटटाय घातलेला माणूसही वागण्याने हाम ठरू शकतो. त्याचं वागणं ते 'हाम्स्त्फो'. म्हणून 'अडाणी' चालणार नाही, 'गावंढळ' तर नकोच. खेड्याचा हिणकस उल्लेख करणारा 'व्येश्न्याक' तिथे निराळा आहे. मी 'उर्मट' लिहीन.

आणि पोलिशमध्येही आपल्यासारखी संबोधनविभक्ती आहे. थेट तोंडावर म्हणायचं तर 'हाम' बदलून 'हाम्ये' होतो, आपल्या 'मूर्खा!'सारखा.